हिवाळी भटकंती : पाऱ्यापेक्षा ओल घातक

दिवाळी आटोपली, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलगा मित्रांबरोबर कळसूबाईला चाललाय. पाठवू ना?" पूर्वी हा प्रश्न फक्त कॉलेजच्या मुलांचे आईवडील विचारीत. आता पन्नाशीतले गृहस्थ स्वतःसाठीच विचारतात. कोणी गौताळ्यात जातो, कोणी अंतूर किल्ल्यावर, कोणी थेट हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला. माझे उत्तर नेहमी एकच असते. जरूर जा, पण आपल्याकडच्या थंडीला कमी लेखू नका.

"इथे कुठे बर्फ पडतो?" असे लोक म्हणतात. खरे आहे. पण थंडीने माणूस गारठून जायला बर्फाची गरज नसते. अंगावरचे ओले कपडे, वारा आणि थकवा हे तिघे एकत्र आले, तर दहा-बारा अंश तापमानातही जीव धोक्यात येऊ शकतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या नेहमीच्या पेशंटचा विशीतला मुलगा जानेवारीत सांदण दरीत गेला होता. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळची ही अरुंद, खोल घळ. दोन्ही बाजूंना उंच कडे, त्यामुळे काही भागांत ऊन जेमतेम पोचते. वाटेत थंडगार पाण्याचे डोह आहेत. हा मुलगा कमरेएवढ्या पाण्यातून गेला आणि पुढे दोरावरून उतरण्यासाठी रांगेत, सावलीत, ओल्या जीन्सवरच बराच वेळ बसून राहिला. आधी तो कुडकुडत होता. मग कुडकुडणे थांबले. बुटाची नाडी बांधता येईना, बोलणे असंबद्ध होऊ लागले. मित्रांना वाटले, गंमत करतोय. एकाने तर अंगात ऊब यावी म्हणून पिशवीतून ब्रँडी काढली.

नशिबाने बरोबर गावचा वाटाड्या होता. त्याने बाटली बाजूला ठेवायला लावली, पोराचे ओले कपडे उतरवले, अंग टिपून कोरडे केले, स्वतःच्या घोंगडीत त्याला गुंडाळले आणि थर्मासमधला गोड चहा घोट घोट पाजला. वैद्यकाची पुस्तके न वाचता त्याने नेमके पुस्तकातले उपचार केले होते.

असे का होते?

आपल्या शरीराचे आतले तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले, की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. घरातल्या जुन्या थर्मामीटरची पट्टी साधारण तिथूनच सुरू होते, म्हणून त्यावर विसंबू नये. लक्षणांवरून ओळखावे. आधी कुडकुडणे, मग हातांची अडखळ, चाल लडखडणे, जीभ जड होणे, चिडचिड किंवा सुस्ती. अंग गार असताना कुडकुडणे आपोआप थांबले, तर बरे वाटू लागले असे समजू नका. शरीराची उष्णता निर्माण करण्याची ताकद संपत आल्याची ती खूण आहे.

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेते. सुती कपडे आणि जीन्स पाणी धरून ठेवतात. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब राखते. धनगराच्या घोंगडीचे मोल इथे कळते. दारूने मात्र उलटे होते. तिने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, वरवर गरम वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

आता हवामानाकडे पाहू. दिवसा हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. आपले शहर पावणेसहाशे मीटरच्या आसपास, तर कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. शहरातल्या हवेवरून तिथल्या कपड्यांचा हिशेब करू नये. त्यात माथ्यावरचा वारा अंगाभोवतीची उबदार हवा उडवून लावतो.

रात्री निराळाच प्रकार होतो. हिवाळ्यात आकाश निरभ्र, हवा कोरडी. सूर्य मावळला, की जमीन झपाट्याने थंड होते. तिला लागून गार झालेली हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि दरीत साठते. म्हणून नदीकाठी, दरीच्या तळाशी तंबू ठोकणाऱ्यांना पहाटे जास्त थंडी लागते. थोड्या उंचावरची, वाऱ्याआडची जागा अधिक चांगली. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली, की आपल्याकडच्या डोंगरांतही पहाट कडक असणार हे धरून चाला.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. अशा वेळी अंथरुणातून उठून एकदम गोगाबाबा टेकडी चढणे हृदयावर ताण आणते. ऊन थोडे वर येऊ द्या, सुरुवातीला सावकाश चाला. चढताना छातीत दडपण येऊन थांबल्यावर ओसरत असेल, तर त्याला गॅस म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम्याच्या रुग्णांनी पंप खिशात, अंगाजवळ ठेवावा.

निघण्यापूर्वी लक्षात ठेवा

१. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. कानटोपी विसरू नका.
२. एकाच जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन थर घाला. चढताना घाम आला की एक काढा, थांबलात की लगेच चढवा.
३. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका. गूळ, शेंगदाणे, चिक्की जवळ असू द्या.
४. बंद तंबूत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस दगावतो.
५. कोणी गारठला, तर त्याला वाऱ्याआड न्या, ओले कपडे काढा, खाली काहीतरी अंथरून पांघरूण द्या. पूर्ण शुद्धीवर असेल तरच गोड, कोमट पेय द्या. हातपाय चोळू नका, जाळाजवळ बसवू नका. बडबड किंवा गुंगी असेल, तर चालवू नका. १०८ क्रमांकावर फोन करा.
६. दरीत मोबाइल लागेलच असे नाही. कुठे जातो आणि कधी परतणार, हे घरी लिहून ठेवा.

तो मुलगा पुढच्या हिवाळ्यात पुन्हा डोंगरात गेला. जाण्याआधी दवाखान्यात येऊन त्याने पिशवी उघडून दाखवली. वरच कोरड्या कपड्यांचा जोड होता. खाली, घडी घालून, घोंगडी.