पिसांची माशी

नाचणगावातल्या माझ्या घरात, खिडकीशी, एक छोटा व्हाइस टेबलाला पक्का आवळलेला आहे. सोनार दागिना धरतो तसा तो १४ नंबरचा गळ धरून ठेवतो. गळाची लांबी सेंटिमीटरभर. त्यावर रेशमी दोऱ्याचे वेढे घ्यायचे, मागे शेपटीसाठी चार केस बांधायचे, मोरपिसाचा एक धागा दोऱ्याबरोबर पिळून अंगाभोवती गुंडाळायचा, डोक्यापाशी कोंबड्याच्या मानेचं पीस फिरवायचं. शेवटी दोरा त्याच्याच वेढ्यांखाली दाबून गाठ मारायची आणि वर लाखेचा एक थेंब द्यायचा. झाली माशी. परदेशात अशा माश्यांवर ट्राउट आणि स्टीलहेड हे मासे धरतात.

आमच्या वर्धा नदीत ट्राउट नाही, होणारही नाही. त्याला बारा महिने थंड, खळाळतं पाणी लागतं आणि आमचा मे महिना दगडसुद्धा तापवतो. तरी गेली २२ वर्षं मी या माश्या बांधते आहे. शाळेतली नोकरी संपली, डोळ्यांना जाड भिंग लागलं, हात मात्र थांबले नाहीत. या छंदाचा मागोवा घ्यायला बसले तेव्हा लक्षात आलं, की त्याची सुरुवात २२ वर्षांपूर्वी नव्हे, त्याच्या खूप आधी, पुलगावच्या पुलाखाली झाली होती.

नाचणगाव पुलगावला लागूनच. नदीच्या अलीकडे आमचा वर्धा जिल्हा, पलीकडे अमरावती. लहानपणी आम्ही पोरं सुट्टीत नदीवर जायचो. तिथे ढिवर समाजातले एक वयस्क काका बसायचे. जाळं हा त्यांचा धंदा आणि गळ ही त्यांची विश्रांती. बांबूची काडी, तंगूस, शिशाचा मणी. आमिष म्हणून कधी गांडूळ, कधी कणकेची गोळी. पण हिवाळ्यात, पाणी नितळ झालं आणि चंदेरी, बोटभर चिलवा वर येऊन खेळू लागला, की ते कणीक बाजूला ठेवायचे. कमरेच्या पुडीतून कोंबडीचं एक पांढरं पीस काढून गळाला गोधडीच्या दोऱ्यानं बांधायचे आणि उथळ धारेत नुसतं वाहू द्यायचे. चिलवा त्यावर झडप घालायचा. त्यात खायला काय आहे, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “पोरी, माशाले आधी डोये, मंग तोंड. तू पाणी पाय आधी.”

तेव्हा मला ते नीट कळलं नाही. पुढे वाचत गेले तसं दिसलं, की काकांच्या त्या पिसामागे फार जुनी परंपरा उभी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या एलियन या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या एका नदीवरची रीत लिहून ठेवली आहे. तिथले कोळी गळाला तांबडी लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधत. खऱ्या माशीला हात लावला की तिचा रंग जातो, पंख मोडतात, म्हणून ही युक्ती. १४९६ साली इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवर एक छोटा ग्रंथ छापला गेला. तो ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीच्या नावावर सांगितला जातो. त्यात १२ माश्या दिल्या आहेत, कोणत्या महिन्यात कोणती वापरायची अशा हिशेबानं. म्हणजे त्या यादीच्या मागे कुणीतरी वर्षभर नदीकाठी बसून काय उडतं ते पाहिलं होतं.

एकोणिसाव्या शतकात मात्र माशीचं रूप पालटलं. ब्रिटिश साम्राज्य जगभर पसरलं होतं आणि जगभरची पिसं लंडनच्या बाजारात येत होती. सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या माश्या दागिन्यांसारख्या नटल्या. १८५०च्या सुमाराची ‘जॉक स्कॉट’ ही माशी घ्या. तिच्यात सोनेरी फेजंटचा तुरा, टूकनची पिसं, मोरपिसाचे धागे आणि दोन्ही बाजूंना रानकोंबड्याच्या मानेचं एकेक पीस. नदीत असा कुठलाच किडा नसतो. तो माणसाच्या हौसेचा किडा होता.

त्यातला रानकोंबडा आपला. सह्याद्री-सातपुड्यापासून दक्षिणेच्या टोकापर्यंतच्या रानांत राहणारा राखी रानकोंबडा. पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्गअभ्यासकाचं नाव त्याच्या शास्त्रीय नावाला चिकटलेलं आहे. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचा थेंब सांडून गोठावा तसे पांढरे-पिवळे चकचकीत ठिपके असतात. पिसाची दांडीच तिथे चपटी आणि टणक झालेली असते. पाण्यात हा ठिपका डोळ्यासारखा चमकतो. म्हणून इंग्लंड-स्कॉटलंडच्या माशी बांधणाऱ्यांना तो हवाच असे आणि एका मानेसाठी एक पक्षी मरत असे.

पिसांचा मोठा धंदा तसा बायकांच्या टोप्यांसाठी चालायचा. गळाच्या माश्या हा त्यातला लहान वाटा. त्या धंद्यानं इतके पक्षी मारले, की हिंदुस्थान सरकारला १९०२ साली रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद करावी लागली. पिसं तरीही चोरवाटांनी जात राहिली. १९२१ साली ब्रिटनच्या संसदेनं पिसांच्या आयातीविरुद्ध कायदा केला.

त्याच काळात उलट दिशेनंही एक प्रवास झाला. १८९९ साली ब्रिटनमधून काश्मीरला पाठवलेली ट्राउटची अंडी वाटेतच खराब झाली. १९००ची दुसरी खेप जगली आणि श्रीनगरजवळ हारवानला ट्राउट वाढू लागला. १९०९ साली तो कुलूच्या खोऱ्यात गेला. निलगिरीत अवलांची इथे त्याची पैदास सुरू झाली. डोंगरांतल्या थंड पाण्यात साहेबांना घरचा मासा हवा होता, आणि त्याच्यासाठी ते घरच्या माश्या बरोबर आणत. पीस आपल्या रानातून गेलं आणि माशीत बांधलं जाऊन आपल्याच डोंगरात परत आलं. मद्रासकडचे मुलकी अधिकारी एच. एस. थॉमस यांनी मात्र त्याआधीच, १८७३ साली, हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहून इथल्याच माशांकडे लक्ष वेधलं होतं. महाशीर आणि आमचा हा लहानगा चिलवासुद्धा माशीवर येतो, हे त्यांनी नोंदवलं. ढिवरकाकांनी ते पुस्तक पाहिलेलं नव्हतं. त्यांना ते नदीनं सांगितलं होतं.

या सगळ्या इतिहासात माझं मन दोन माणसांपाशी रेंगाळतं. पहिली मेगन बॉइड. १९१५ साली जन्मलेली ही बाई उत्तर स्कॉटलंडच्या समुद्रकाठी एका लहानशा घरात आयुष्यभर सामनच्या माश्या बांधत राहिली. घरात बराच काळ वीज नव्हती, नळ नव्हता. तिच्या माश्या राजघराण्यापर्यंत जात. १९७१ साली तिला सन्मानपदक जाहीर झालं, तेव्हा कुत्र्याला सांभाळायला कुणी नाही म्हणून ती राजवाड्यात गेली नाही. आणि तिनं स्वतः कधी मासा मारला नाही. माशी नीट बांधणं, एवढंच तिचं काम. मी विणकाम-भरतकाम करत मोठी झाले. त्यामुळे तिचा विचार आला की तिच्या बोटांतला तो ताण माझ्या बोटांत जाणवतो. दोरा जरा सैल धरला तर पीस फिरतं, जास्त ओढला तर तुटतो.

दुसरा फ्रँक सॉयर. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा हा राखणदार. पाणी साफ ठेवणं, गवत कापणं, माशांवर नजर ठेवणं हा त्याचा रोजचा उद्योग. तो रोज पाण्यात डोकावत असे, म्हणून त्याला दिसलं, की ट्राउट बहुतेक वेळा वर उडणारी माशी खात नाही. तळातून वर येणारी तिची अळी खातो. त्यानं फेजंटच्या शेपटीचे चार धागे घेतले आणि तांब्याच्या बारीक तारेनं बांधले. दोरासुद्धा वापरला नाही. तारेच्या वजनानं माशी खाली जाते आणि पाण्यात ओली अळी दिसते. ‘जॉक स्कॉट’शेजारी ती अगदी गरीब दिसते, पण जगभरच्या नद्यांवर आजही तीच चालते.

सॉयर एकटा नव्हता. विसाव्या शतकात माशी हळूहळू दागिन्याकडून किड्याकडे परत आली. १९२२ची ‘अ‍ॅडम्स’ नुसती करडी-तपकिरी आहे. १९५७ची ‘एल्क हेअर कॅडिस’ एल्क हरणाच्या केसांची. त्या केसांत हवा असते, म्हणून ती तरंगते. इकडे १९६३ साली मोर आपला राष्ट्रीय पक्षी झाला आणि १९७२ला वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुढे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही राखी रानकोंबड्याचं नाव गेलं. आता परदेशात त्याची पिसं मिळतात ती पिंजऱ्यात पैदास केलेल्या पक्ष्यांची, आणि पुष्कळ जण त्याऐवजी रंगवलेलं पीस वापरतात. माशी बांधणं त्यामुळे थांबलं नाही. पक्षी मात्र वाचला. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोलाचं हेच वाटतं. कला पिसावर अवलंबून आहे असं माणसं दीडशे वर्षं समजत होती, आणि ती अवलंबून होती पाहण्यावर.

हे मला कळलं ते २००३ साली. भाचा अमेरिकेत, ओरेगॉन राज्यात राहायचा. मी दोन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले होते. त्याच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ स्टीलहेडसाठी माश्या बांधत. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट. जात एकच, पण एक भाऊ गावच्या ओढ्यात राहतो आणि दुसरा समुद्रात जाऊन, मोठा, चंदेरी होऊन, अंडी घालायला जन्माच्या नदीत परततो. परतताना तो फारसं खात नाही. माशीवर येतो तो जुन्या सवयीनं. त्या गृहस्थांनी माझ्या हातात दोरा दिला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “आधी डोळे, मग तोंड.” भाच्यानं भाषांतर केलं. ते म्हणाले, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी ढिवरकाकांचं सांगितलं. काका तोवर गेले होते. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी मला नदीवर नेऊन माशी दाखवली नाही. दगड उलटा करून खालचे किडे दाखवले.

घरी परतल्यावर मी पुलगावला तेच केलं. डिसेंबरात उथळ धारेतला एक दगड उचलला. खालच्या बाजूला चपट्या, तीन शेपट्यांच्या अळ्या चिकटलेल्या. इंग्रजीत ज्याला मेफ्लाय म्हणतात तिच्या. ती आपलं जवळजवळ सगळं आयुष्य पाण्यात काढते. पंख फुटल्यावर तिला खायला तोंडच राहत नाही. एखाद-दोन दिवस जगते, अंडी घालते, संपते. वाळूचे कण चिकटवून स्वतःचं घर बांधणारी कॅडिसची अळीही सापडली. चाळीस वर्षं मी त्या नदीकाठी राहिले होते, त्या दगडांवर कपडे धुतले होते, आणि हे कधी पाहिलं नव्हतं. काका हेच पाहत असणार. त्या संध्याकाळी तुरीच्या शेतात गळून पडलेलं मोरपीस आणि घरच्या कोंबड्याचं पीस घेऊन मी पहिली वर्धेची माशी बांधली. चिलवा आला. हातात धरला आणि सोडून दिला.

त्यानंतरच्या वर्षांत नदी माझ्या डोळ्यांसमोर बदलली. वर धरणं झाली. शेताला पाणी मिळालं, ते हवंच होतं, पण उन्हाळ्यातली धार बारीक झाली. वाळू उपसली गेली तिथे दगड गाळात गेले आणि दगडाखालचे किडेही. पिसाची माशी करायला आधी खरी माशी लागते. लोणावळ्याला टाटांच्या वलवण केंद्रात सत्तरच्या दशकापासून महाशीरची पिल्लं वाढवून नद्या-तलावांत सोडली जातात. त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. पण पिल्लू सोडलं तरी त्याला जगायला किड्यांनी भरलेला दगड हवा.

म्हणून वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीची गोष्ट मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगते. शंभर वर्षांपूर्वी तिथे दोन धरणं बांधली आणि समुद्राची वाट बंद झाली. वर अडकलेला रेनबो ट्राउट पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिला. २०११ ते २०१४ या काळात धरणं काढली. मग त्याच अडकलेल्या माशांचे वंशज समुद्रात गेले आणि स्टीलहेड होऊन परत आले. आपली धरणं काढायची नाहीत, हे मुलांना कळतं. पण नदी विसरत नाही, हेही कळतं.

गेल्या हिवाळ्यापासून रविवारी पाच-सहा मुलं माझ्याकडे येतात. माशी बांधायला शिकायचं असेल तर आधी नदीवर जाऊन एक दगड उचलायचा, काय दिसलं ते वहीत लिहायचं आणि दगड होता तसा ठेवायचा, असा नियम आहे. सहावीतल्या एका मुलीनं त्या किड्याचं मराठी नाव विचारलं. मी म्हटलं, तू जे पाहिलंस ते लिही, नाव त्यातूनच येईल. तिच्या वहीतली पहिली नोंद माझ्यासमोर आहे: “राखाडी. तीन शेपट्या. दगडाच्या खालच्या बाजूला, धारेत. हात लावला तर पळते. १४ डिसेंबर.”