‘इडियट’ : एका शब्दाची कुळकथा

सुशिक्षित घरांत मुलाचें गणित चुकलें कीं वडिलांच्या तोंडून जो इंग्रजी शब्द सहज बाहेर पडतो, तो ‘इडियट’. त्याची कुळकथा ऐकण्याजोगी आहे.

मूळ ग्रीक भाषेंत हा शब्द अधिकारपद नसलेल्या खासगी गृहस्थाला लावीत. त्याचप्रमाणें एखाद्या विद्येंत अनभिज्ञ असलेल्या सामान्य मनुष्यालाही. त्यांत शिवी नव्हती. लॅटिन भाषेंत त्याला ‘अशिक्षित’ हा अर्थ आला, आणि इंग्रजींत तो जन्मतः मंदबुद्धि मानलेल्या मनुष्यास चिकटला. विसाव्या शतकाच्या आरंभीं मानसशास्त्रज्ञांनीं तर पायऱ्याच पाडल्या : ज्याचें मानसिक वय तीन वर्षांच्या आंत तो इडियट, त्यावरचा इम्बेसाइल, आणि त्याहून वरचा मोरॉन. यांपैकीं ‘मोरॉन’ हा शब्द हेन्री गॉडर्ड यांनीं १९१० सालीं घडविला. हिंदुस्थानच्या १९१२ च्या वेड्यांसंबंधींच्या कायद्यांतही ‘ल्युनॅटिक’ या संज्ञेच्या व्याख्येंत ‘इडियट’ होता. तो कायदा १९८७ च्या कायद्यानें रद्द झाला. शास्त्रानेंही हे तिन्ही शब्द टाकून दिले. शिव्या म्हणून मात्र ते उरले.

आतां आपल्या भाषेकडे वळूं. समर्थांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत मूर्खाचीं लक्षणें सांगितलीं, तीं सारीं वागणुकीचीं. आणि विद्वानांसाठीं ‘पढतमूर्ख’ हा वेगळा समास राखून ठेवला. वागणूक सुधारतां येते, म्हणूनच लक्षणें सांगण्यांत अर्थ आहे.

यवतमाळकडील वऱ्हाडी बोलींत ‘ळ’चा पुष्कळदां ‘य’ होतो. तेथें बावळा तो ‘बावया’, आणि वेडा तो ‘येडा’. तेथील आजी नातवाला म्हणते, “येडा झाला काय रे?” यांतील ‘झाला’ हें क्रियापद लक्षांत घ्यावें. वेड आतां आलें आहे, घटकाभरानें जाईल, असा भरंवसा त्यांत आहे. ‘यू इडियट’ या उद्गारांत तो नाहीं. तो कपाळावर मारलेला शिक्का आहे.

शिवाय ज्यांच्यासाठीं हा शब्द एके काळीं शास्त्रानें योजिला, तशीं मुलें आजही आपल्या शेजारीं, कदाचित् आपल्याच घरीं, वाढत आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें त्यांच्या स्थितीला ‘बौद्धिक अक्षमता’ म्हटलें आहे. गणित चुकलेल्या मुलाला रागें भरतांना त्यांच्या दुःखाची शिवी कां करावी? रागावणें अगदींच अटळ असेल, तर यवतमाळच्या त्या आजीचें वाक्य उसनें घ्यावें.