ठिपके गेले, म्हणून हुरळू नकोस

बस इकडे, आणि ती औषधाची बाटली आधी खाली ठेव. मासा आजारी दिसला की माणसाचा हात बाटलीकडे जातो, डोळे मात्र टाकीकडे जात नाहीत. मला एवढंच सांग चिमे, सगळे मासे वर येऊन तोंडं उघडमिट करतायत, की एकच कोपऱ्यात पर मिटून बसलाय?

सगळे एकदम बिघडले असतील तर रोगाचं नंतर बघू, आधी पाण्याची झडती घ्यायची. नळाच्या पाण्यात क्लोरीन राहिला असेल. दुकानात ॲंटीक्लोरीनचे खडे मिळतात ते त्यासाठीच. नाहीतर अमोनिया वाढला असेल. माशांच्या कल्ल्यांतून तो सतत बाहेर पडत असतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून टाकतात. नव्या टाकीत त्या जिवाणूंची वस्ती व्हायलाच काही आठवडे लागतात, आणि आपण पहिल्याच रविवारी दहा मासे आणून सोडतो! अमोनिया तपासायचं किट औषधाच्या आधी घरात असावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुझी मॉली मात्र एकटीच बिथरली आहे. काल खड्यांवर अंग घासत होती ना? आज शेपटीवर बघ, रवा भुरभुरवावा तसे ठिपके. हाच तो व्हाइट स्पॉट. पण प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे रोग नव्हे हं. नर गोल्डफिश वयात आला की त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला असेच बारीक ठिपके येतात. ते त्याच्या लगीनघाईचे. कितीतरी धडधाकट नरांना लोकांनी उगाच औषध पाजलं असेल. कापसासारखे पुंजके दिसले तर ती बुरशी असू शकते. आणि टॉर्च मारल्यावर अंगावर सोनेरी भुकटी चमकली, तर तो निराळाच जीव.

आता या ठिपक्याची गोष्ट ऐक. तो आख्खा ठिपका म्हणजे एकच पेशी! मोठी झाली की जवळजवळ एक मिलिमीटर भरते, म्हणून नुसत्या डोळ्यांनी दिसते. फूके नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७६ साली तिचं वर्णन करून ठेवलंय. माशाच्या पराला हलकेच खरवडून तो चिकटा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर एक गोळा दिसतो, अंगभर लव असलेला, संथपणे गरगर फिरणारा. आत नालेसारखं वाकलेलं केंद्रक. ते दिसलं की निदान पक्कं, शंकेला जागा नाही.

हा पाहुणा माशाच्या अंगावर नसतो, वरच्या कातडीच्या खाली असतो. तिथेच फिरतो, माशाच्या पेशी खातो आणि फुगतो. वरून कातडीचं पांघरूण असल्यामुळे पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की तो कातडी फोडून बाहेर पडतो, तळाच्या खड्यांना चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट कवच करतो. तिथेही औषधाची डाळ शिजत नाही. आणि नेमकं याच वेळी आपण म्हणतो, वा, ठिपके गेले, मासा बरा झाला!

कवचात काय चाललेलं असतं? एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. ऊबदार पाण्यात एका दिवसाच्या आसपास शेकडो पिल्लं तयार होतात, कधी हजाराच्या घरात. कवच फुटतं आणि ती उघडी-वाघडी पिल्लं मासा शोधत सुटतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर संपली. औषधाचा घाव बसतो तो एवढ्या वेळात. म्हणून औषध माशाला द्यायचं नसतं, पाण्याला द्यायचं असतं, आणि ठिपके दिसेनासे झाले तरी पुढे आठवडाभर चालू ठेवायचं असतं.

मग हीटर कशाला वाढवायचा? २५ अंशांना हा सगळा फेरा आठवड्याच्या आत उरकतो. १० अंशांना महिनाभर रेंगाळतो. ऊब दिली की तो घाईने कातडीबाहेर येतो, आणि ३० च्या आसपास बहुतेक वेळा त्याची वाढच अडते. पण पारा हळूहळू चढव, एकदम नको. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. त्यात ही कीड कल्ल्यांतही घर करते. अंगावर ठिपका नसताना मासा धापा टाकतो तो त्यामुळेच. तेव्हा एअर पंप रात्रंदिवस चालू हवा.

मॉलीला मीठ मानवतं. लिटरमागे दोन ग्रॅम खडे मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून दोन-तीन हप्त्यांनी घाल. लोचसारख्या बारीक खवल्यांच्या माशांना मात्र औषधाची मात्रा कमीच लागते, झाडांना मीठ सोसत नाही. फिल्टरमधला कोळसा काढून ठेव, नाहीतर तोच औषध शोषून घेईल. रोज चौथा हिस्सा पाणी बदलताना नळी खड्यांत खुपसून तळ ओढून काढ. कवचं तिथेच बसलेली असतात.

या दुखण्यातून वाचलेल्या माशाची एक खुबी ऐकण्यासारखी आहे. त्याच्या अंगावरच्या चिकट्यात प्रतिपिंडं तयार होतात. पुढच्या वेळी कीड कातडीत शिरली तरी ही प्रतिपिंडं तिला बिलगतात आणि ती पोट भरायच्या आतच गाशा गुंडाळते. ही ढाल काही महिने टिकते. पण असा वाचलेला मासा एखाददुसरी कीड बाळगून असू शकतो, दिसायला ठणठणीत. दुकानातला तजेलदार मासा घरी आणून थेट टाकीत सोडायचा नाही तो यासाठी. दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा, आणि त्याची जाळीही वेगळी. तुझी ती हिरवी जाळी दोन्हीकडे फिरते, ते मी पाहिलंय.