पपईचा चीक आणि कॅन्सरची गाठ

वहिनीची केमो सुरू झाली आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मला रोज नवा उपाय कळू लागला. एका काकांनी तर पपई-अननसाच्या कॅप्सूलची डबीच हातात ठेवली. “एन्झाइम आहेत यात, गाठ विरघळते.” मायेनं आणलेली वस्तू परत करवत नाही. डबी घेतली, पण वहिनीला दिली नाही.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. एन्झाइम म्हणजे विकर. कच्च्या पपईचा चीक चोळला की मटण लवकर शिजतं, कारण त्यातलं पपेन प्रथिनांच्या साखळ्या तोडतं. अननसातलं ब्रोमेलेनही तेच करतं. भरपूर अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते ती बरीचशी त्यामुळेच. ताजा अननस घातला तर जिलेटिनची जेली बसत नाही, शिजवून घातला तर बसते, कारण उष्णतेनं विकर निकामी होतं. हा प्रयोग मी मुलांना दरवर्षी दाखवायचे.

काकांचा तर्क इथूनच निघतो. पण चीक मटणाला थेट लागतो. गिळलेलं विकर स्वतःच प्रथिन असल्यानं बरंचसं पोटातच पचतं, रक्तात पोचतं ते अगदी थोडं. प्रयोगशाळेतल्या बशीत ब्रोमेलेननं कॅन्सरच्या पेशी मरतात, हे खरं. माणसात गाठ विरल्याचा भक्कम पुरावा नाही. रेडिएशनचा त्रास विकरांच्या गोळ्यांनी कमी झाल्याचं २००१ मध्ये भारतातल्या अभ्यासांत दिसलं होतं. पण २००२ मध्ये जर्मनीत, कुणाला खरी गोळी नि कुणाला खोटी हे कुणालाच न सांगता, ओटीपोटाच्या रेडिएशनच्या रुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा फायदा दिसला नाही.

विकरानं कॅन्सरवर उपचार होतच नाही, असंही नाही. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर अ‍ॅस्पराजिनेज हे विकर अनेक वर्षं वापरात आहे. ते जिवाणूंपासून मिळतं, इंजेक्शननं देतात आणि कॅन्सरच्या पेशींना लागणारं अ‍ॅस्पराजिन रक्तातूनच संपवतं. सिडनीत डेव्हिड मॉरिस यांच्या गटानं ब्रोमेलेन दुसऱ्या औषधाबरोबर थेट पोटातल्या श्लेष्माच्या गाठींत सोडून पाहिलं आहे. मला आशा वाटते ती अशा कामाची.

डबी आम्ही वहिनीच्या डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी आधी तिच्या प्लेटलेट्सचा आकडा पाहिला. ब्रोमेलेननं रक्त गोठायला वेळ लागू शकतो आणि तिच्या प्लेटलेट्स केमोनं उतरल्या होत्या. “नको,” एवढंच ते म्हणाले. तुमच्याही घरी अशी डबी आली, तर ती पुढच्या तपासणीला पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांना दाखवा.