दुखणं आधी की कर्ज आधी?

बेळगावजवळच्या कंग्राळीतलं एखादं घर घ्या. बापाला हृदयाचं दुखणं, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. दुखण्यापायी कर्ज झालं, की पैसा नव्हता म्हणून दवाखाना लांबला आणि दुखणं बळावलं? घरचे दोन्ही सांगतील. शंभर घरं मोजली तरी आजार आणि गरिबी एकत्र नांदतात, एवढंच कळतं. शिवाय वय, तंबाखू किंवा लहानपणची उपासमार असं तिसरंच काही दोन्हींच्या मुळाशी असू शकतं.

खरं तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना मदत द्यावी, निम्म्यांना देऊ नये, मग फरक मोजावा. पण आजारी माणसांच्या बाबतीत असं कोण करणार? म्हणून संशोधक सरकारनं नकळत टाकलेल्या चिठ्ठ्या शोधतात.

कर्नाटकात २०१० साली अशी एक सापडली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना हृदय, कर्करोग, मूत्रपिंड यांचे मोठे उपचार फुकट देणारी वाजपेयी आरोग्यश्री योजना आधी उत्तर कर्नाटकात आली. बेळगाव विभाग तिच्यात होता, दक्षिण भाग २०१२ पर्यंत बाहेर. मधल्या हद्दीलगतच्या गावांत पाऊस, पिकं, राहणी जवळपास सारखीच. वेगळी होती ती योजना. संशोधक नीरज सूद आणि सहकाऱ्यांनी अशा ५७२ गावांतली ६०,१०९ घरं पाहिली. योजनेतल्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण गरीब घरांत योजनेच्या बाजूला ०.३२ टक्के, पलीकडे ०.९० टक्के होतं. मोठ्या इस्पितळातला पदरचा खर्चही घटला होता.

मला यातली पडताळणी जास्त आवडते. दारिद्र्यरेषेवरच्या, म्हणजे योजना न मिळालेल्या घरांत दोन्हीकडच्या मृत्यूंत फरक नव्हता. उत्तरेकडे नुसती इस्पितळंच चांगली असती, तर त्यांनाही फायदा दिसला असता.

कंग्राळीकर म्हणतील, मग आपली महाराष्ट्र-कर्नाटक सीमा का नाही घेतली? महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यातलं शिनोळी तर हाकेवर आहे! पण ती सीमा ओलांडली की सरकार, रेशन, शाळा, कारभाराची भाषा सगळंच बदलतं. कशानं काय झालं, ते वेगळं काढता येत नाही. जिच्यासाठी इतकी वर्षं भांडलो, ती रेषा या कामाला कुचकामी!

या योजनेचा भर इस्पितळातल्या मोठ्या उपचारांवर होता. बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला मेडिकलमधून घ्याव्या लागतात. त्या खर्चानं घर कसं खचत जातं, ते शोधायला दुसरी चिठ्ठी लागेल.