कॅम्पातलं घर
बेळगावात ‘कॅम्प’ म्हणजे छावणी. १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण इथंच. वडील तिथं हवालदार, म्हणून माझं लहानपण बिगुलावर उठण्यात गेलं. शेजारी कुणी साताऱ्याचं, कुणी रत्नागिरीचं. त्यामुळं आमची मराठी कुठल्याच एका गावची नव्हती. वर फौजी हिंदी!

वडील रिटायर झाले तसं क्वार्टर सोडावं लागलं. खाटा, टेबल सगळं मोजून परत दिलं. शहापुरात (पूर्वीचं सांगली संस्थानातलं) खोली घेतली. पहिल्या रात्री जमिनीवर झोपलो. गल्लीतल्या पोरानं ‘काय करालैस रे?’ विचारलं, मी ‘जी?’ म्हणालो. पोरं हसली.

वाड्यांचे कागद सापडतात. क्वार्टरचं काय? आईला फक्त नंबर पाठ आहे. कुणाकडं कॅम्पातले जुने फोटो असतील तर जरूर दाखवा.