लघवी रोखून धरतं कोण? मूत्राशयाला सैल ठेवणाऱ्या आयन चॅनलची गोष्ट

आमच्या पिंपळगाव राजाहून खामगाव गाठायचं आणि तिथून पुण्याची गाडी पकडायची, हा प्रवास इथल्या बऱ्याच मुलामुलींचा ठरलेला. गाडीत तीन-चार तास सहज निघून जातात. आपण रील्स बघत असतो आणि तिकडे मूत्राशय गुपचूप भरत असतं. इतका वेळ लघवी थांबवून कोण धरतं? आपल्याला वाटतं, आपणच. पण आपला जोर लागतो तो अगदी शेवटी, जोराची लागल्यावर. त्याआधीचं बरंचसं काम मूत्राशयाच्या स्नायूतली सूक्ष्म दारं करतात. या दारांनाच आयन चॅनल म्हणतात. आज तीच समजून घेऊया.

पिशवी भरते, पण दाब वाढत नाही

फुगा फुगवताना तो जितका ताणतो, तितका आतून जोर देतो. मूत्राशयाचं तसं होत नाही. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली लघवी मावते, म्हणजे जवळपास अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. १५० ते २०० मिलीपर्यंत भरलं की पहिली जाणीव होते. तरीही आतला दाब फारसा वाढत नाही, कारण भिंतीतला स्नायू भरताभरता सैल होत जातो. या स्नायूचं नाव डेट्रुसर. सैल होणं म्हणजे नुसतं पडून राहणं नाही बरं का, ते सतत चालणारं काम आहे.

प्रत्येक पेशी एक छोटी बॅटरी

डेट्रुसरच्या पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ४० ते ५० मिलिव्होल्टने ऋण असतो. फोनची बॅटरी ३.७ व्होल्टची, म्हणजे ही तिच्यापुढे फारच लहान. पण पेशीसाठी तेवढं पुरतं.

पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. कॅल्शियमचं उलट आहे. ते बाहेर आतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतं आणि आत शिरायची संधीच बघत असतं. पेशीच्या पडद्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. प्रत्येक दार ठरावीक आयनलाच सोडतं आणि ठरावीक इशारा मिळाला तरच उघडतं.

आता मुख्य नियम लक्षात ठेवा. कॅल्शियम आत आलं की स्नायू आवळतो. पोटॅशियम बाहेर गेलं की पेशी आतून आणखी ऋण होते, कॅल्शियमची दारं बंद राहतात आणि स्नायू सैल राहतो. थोडक्यात, कॅल्शियम चॅनल म्हणजे ॲक्सिलरेटर आणि पोटॅशियम चॅनल म्हणजे ब्रेक.

यातला बीके नावाचा पोटॅशियम चॅनल फार हुशार आहे. पेशीत कॅल्शियम वाढलं की त्याच इशाऱ्यावर तो उघडतो. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला गेला की ब्रेक आपोआप लागायला सुरुवात होते.

मूत्राशय भरत असताना मज्जारज्जूतून येणाऱ्या नसाही मदत करतात. त्या नॉरॲड्रेनलिन सोडतात. ते पेशीवरच्या बीटा-३ नावाच्या ग्राहीला चिकटतं, आत निरोप जातो आणि स्नायू सैल होतो. पोटॅशियमची दारं उघडणं हा त्यातला एक मार्ग. लघवी करायची वेळ आली की दुसऱ्या नसा ॲसिटिलकोलिन सोडतात, कॅल्शियम वाढतं आणि पिशवी आवळते.

हे खरं कशावरून?

२००४ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी बीके चॅनलच नसलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या उंदरांचं मूत्राशय अति चंचल झालं होतं आणि त्यांना लघवीवर ताबा राहत नव्हता. ब्रेक काढला की गाडी थांबत नाही, तसंच.

उलटा पुरावा माणसांत मिळाला. रेटिगॅबिन नावाचं फिट येण्यावरचं औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते मेंदूतले पोटॅशियम चॅनल उघडं ठेवायचं. पण तसे चॅनल मूत्राशयातही असतात, त्यामुळे काही रुग्णांची लघवी तुंबायला लागली. म्हणजे ब्रेक जास्तच लागला. त्वचा निळसर पडणं आणि डोळ्यांच्या पडद्यावर डाग येणं असे दुष्परिणामही दिसले. शेवटी २०१७ मध्ये ते बाजारातून गेलं.

मुंबईतलं कॉम्प्युटरवरचं मूत्राशय

आता खास टेक्नॉलॉजीवाल्यांसाठी. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी माखलीसारख्या स्क्विड या सागरी प्राण्याच्या नसेतल्या विजेची समीकरणं मांडली. हक्सलीने ती हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली होती. त्याच धर्तीची गणितं घेऊन आयआयटी मुंबईचे प्रा. रोहित मनचंदा, चित्तरंजन महापात्रा आणि इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे कीथ ब्रेन यांनी उंदराच्या मूत्राशयातल्या स्नायूपेशीचं कॉम्प्युटर मॉडेल तयार केलं. ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. यात वेगवेगळ्या कॅल्शियम आणि पोटॅशियम चॅनलची गणितं एकत्र बांधलेली आहेत.

याचा फायदा काय? प्रयोगशाळेत एकच चॅनल नेमका बंद करणं अवघड असतं. मॉडेलमध्ये एक आकडा बदलला की झालं. कोणत्या दारावर औषध शोधावं, याचा अंदाज आधी स्क्रीनवर घेता येतो. अर्थात ही उंदराची एक पेशी आहे, अख्खा माणूस नाही. त्यामुळे शेवटचा निकाल प्रत्यक्ष चाचणीतच लागतो.

आपल्या घराशी याचा काय संबंध?

माझ्या आत्याने लग्नांना जाणं सोडलं होतं. एसटीत बसायची म्हटलं की सकाळपासून पाणी पीत नसे. घरात सगळे म्हणायचे, "वय झालं." पण अचानक जोराची लागणं, दिवसात आठपेक्षा जास्त वेळा जावं लागणं, रात्री पुन्हा पुन्हा उठणं, याला डॉक्टर अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. आत्याच्या डॉक्टरांनी आधी लघवी आणि साखर तपासली. मग तीन दिवसांची नोंद मागितली: कधी प्यायलं, कधी गेलं, किती झालं. ती मी माझ्या फोनच्या नोट्समध्ये ठेवली. व्यायाम, चहा कमी करणं आणि एक गोळी यांवर आत्या परवा शेगावला जाऊन आली.

या आजारावर मिराबेग्रॉन नावाची गोळी वापरतात. ती बीटा-३ ग्राहीवर काम करते, म्हणजे सैल करणाऱ्या बाजूला जोर देते. सोलिफेनॅसिनसारख्या जुन्या गोळ्या ॲसिटिलकोलिनचा निरोप अडवतात. दोन वाटा, पण मुक्काम एकच. मात्र मेडिकलमधून स्वतःहून घेऊ नका. मिराबेग्रॉनने बीपी वाढू शकतो आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अशा गोळ्यांनी तुंबू शकते.

हे लक्षात ठेवा

• बाहेर स्वच्छ संडास नाही म्हणून कॉलेजच्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्याने मूत्राशय सुधारत नाही. लघवी घट्ट होते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.
• चहा, कॉफी आणि एनर्जी ड्रिंकमधलं कॅफिन मूत्राशयाला चेतवतं. लांबच्या प्रवासाआधी कमी घ्या.
• लघवीत रक्त, जळजळ, ताप किंवा लघवी अजिबात न होणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

घरात कोणी प्रवास टाळत असेल, पाणी कमी पीत असेल, तर एकदा हळूच कारण विचारा. लाजेमुळे माणसं वर्षानुवर्षं सांगत नाहीत. तीन दिवसांची नोंद तुमच्या फोनवर ठेवायला तुम्ही मदत करू शकता, तपासणीची सुरुवात तिथूनच होते. लेख उपयोगी वाटला तर घरच्या ग्रुपवर नक्की पाठवा!